राजा आणि वेदी : यरुशलेमपासून दानपर्यंत

रविवार : दावीदनगर

यरुशलेमच्या जुन्या तटाबाहेर दक्षिणेकडे डोंगराची एक अरुंद सोंड उतरत जाते. दावीद राजाने यबूसी लोकांकडून जिंकून घेतलेलं नगर ते हे. बहुतेक प्रवासी आधी तटाच्या आतल्या शहरात शिरतात. आम्ही भावंडांनी सुरुवात इथून केली, कारण सगळा प्रवासच एका प्रश्नाभोवती आखला होता : प्राचीन इस्राएलात राजा आणि वेदी यांचं नातं कसं होतं?

अलिबागच्या इस्राएल आळीच्या शेजारी आम्ही वाढलो. शौल, दावीद, शलमोन, एलिया ही नावं आमच्या कानांवर पडली ती बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या यहुदी, शेजाऱ्यांच्या मराठीतून. पुढे वाचत गेले तसं मला जाणवत गेलं, की या लोकांनी आपल्या राजांविषयी जितकं परखडपणे लिहून ठेवलं तितकं जुन्या जगात क्वचितच कुणी लिहिलं असेल. मिसर (इजिप्त) आणि अश्शूर (असिरिया) इथले राजे स्वतःच्या कोरीव लेखांत कधी चुकत नाहीत. इस्राएलच्या राजांना मात्र त्यांच्याच लोकांच्या इतिहासात एकेका वाक्यात निकाल दिलेला आहे : परमेश्वराच्या दृष्टीने याने बरं केलं, की वाईट. आणि तो निकाल लढाया किंवा बांधकामं बघून दिलेला नाही. राजाने वेद्यांचं काय केलं, हे बघून दिलेला आहे.

सोंडेच्या पूर्व उतारावर, किद्रोन दरीच्या अंगाला, गिहोनचा झरा आहे. वर उत्खननाचे थर, लोखंडी जिने, आणि त्यांना अगदी लागून सिलवानमधल्या पॅलेस्टिनी कुटुंबांची राहती घरं. गच्च्यांवर कपडे वाळत होते, मुलं शाळेतून परतत होती. इथे घातलेल्या प्रत्येक कुदळीवरून वाद आहे, राजकारणातही आणि पुराणवस्तुशास्त्रातही. २००५ साली एलात मझार यांना सोंडेच्या माथ्यावर एका मोठ्या दगडी इमारतीच्या भिंती मिळाल्या. हा दावीदाचा वाडा असावा असं त्यांनी मांडलं. अनेक अभ्यासकांना ते मान्य नाही. मला स्वतःला वाड्यापेक्षा झरा महत्त्वाचा वाटतो, कारण इथे घडलेली गोष्ट अभिषेकाची आहे.

दावीद म्हातारा होऊन अंथरुणाला खिळला होता. त्याचा मुलगा अदोनीया दरीत खाली एन-रोगेलपाशी बैल-मेंढरं कापून मेजवानी देत होता आणि स्वतःला राजा म्हणवून घेत होता. बातमी कळताच म्हाताऱ्याने तिघांना बोलावलं : सादोक याजक, नाथान संदेष्टा आणि बनाया सरदार. शलमोनाला माझ्या खेचरावर बसवा, गिहोनला न्या, त्याला अभिषेक करा. सादोकाने पवित्र मंडपातून तेलाचं शिंग आणलं, शलमोनाच्या डोक्यावर तेल ओतलं, कर्णा वाजला. लोकांचा गलका एन-रोगेलपर्यंत गेला आणि अदोनीयाचे पाहुणे ताटावरून उठून पळाले. अदोनीया धावला तो थेट वेदीकडे. तिची शिंगं घट्ट धरून बसला. शिंगं म्हणजे वेदीच्या चार कोपऱ्यांवरचे उंचवटे. ती धरली की माणूस देवाच्या आसऱ्याला गेला असं समजत.

झऱ्यापाशी उभं राहून दरीकडे पाहिलं की कर्ण्याचा आवाज खाली कसा गेला असेल ते लगेच पटतं, इतकी ती अरुंद आहे. आणि आणखी एक गोष्ट इथे लक्षात येते. एक राजा करायला याजक, संदेष्टा आणि सरदार असे तिघे लागले, आणि तेल राजवाड्यातलं नव्हतं, मंडपातलं होतं.

दुपारी आम्ही हिज्कीयाच्या बोगद्यातून गेलो. ५३३ मीटर, गुडघाभर गार पाणी, हातात विजेरी. दादाला बराच वेळ वाकूनच चालावं लागलं. अश्शूरी सैन्य येणार म्हणून झऱ्याचं पाणी नगराच्या आत वळवायला हा खडक दोन्ही टोकांकडून फोडला गेला. आतल्या भिंतीवर कोरलेला हिब्रू लेख १८८०मध्ये सापडला. समोरून खोदणाऱ्यांचे आवाज ऐकू आले आणि दोन्ही टोळ्या भेटल्या, तो क्षण त्यात नोंदवला आहे. मूळ दगड आता इस्तंबूलला आहे. हा हिज्कीया पुढे आमच्या वाटेवर पुन्हा पुन्हा भेटणार होता, कारण सगळी पूजा यरुशलेमच्या मंदिरात आणायला देशभरच्या वेद्या बंद करणारा राजा म्हणून त्याचं नाव घेतलं जातं. मंदिराच्या टेकडीशेजारी सापडलेला त्याच्या मुद्रेचा मातीचा ठसा २०१५मध्ये जाहीर झाला. त्यावर ‘हिज्कीया, आहाजाचा पुत्र, यहूदाचा राजा’ (यहूदा म्हणजे यरुशलेमभोवतीचं दक्षिणेचं राज्य) अशी अक्षरं आहेत, आणि मधोमध मिसरी धाटणीचं पंखांचं सूर्यबिंब. मूर्ती फोडणाऱ्या राजालाही राजेपणाची खूण शेजारच्या साम्राज्यांकडूनच घ्यावी लागली.

सोमवार : मंदिराची टेकडी

सकाळी लवकर रांगेत उभं राहून लाकडी पुलावरून टेकडीवर गेलो. पायथ्याशी यहुदी धर्मपीठाची पाटी आहे : जागेच्या पावित्र्यामुळे यहुद्यांनी आत जाऊ नये. परमपवित्रस्थान, म्हणजे मंदिराचा सगळ्यात आतला गाभारा, नेमकं कुठे होतं ते ठाऊक नाही, आणि त्यावर पाय पडू नये, हा त्यामागचा विचार. वर सोनेरी घुमट, अल-अक्सा मशीद, सुरूची झाडं, आणि पुढे हेरोद राजाने भर घालून वाढवलेलं सुमारे ३६ एकरांचं प्रांगण. शलमोनाच्या मंदिराचा एकही दगड दिसत नाही आणि इथे उत्खनन होत नाही. जे आहे ते फक्त वर्णन.

पण ते वर्णन मापांसकट आहे. मंदिर ६० हात लांब, २० हात रुंद, ३० हात उंच. समोर याखीन आणि बवाज नावांचे पितळी स्तंभ. आत २० हातांची चौकोनी अंधारी खोली, तिच्यात जैतुनाच्या लाकडाचे, सोन्याने मढवलेले दोन करूब (पंखांचे दैवी रक्षक), आणि त्यांच्या पंखांखाली कराराचा कोश, म्हणजे देवाच्या आज्ञांच्या पाट्यांची पेटी. इतर देवळांत जिथे मूर्ती असते तिथे इथे काही नव्हतं. करूबांचे पंख हेच अदृश्य देवाचं आसन. म्हणजे या देशात सिंहासनं दोन होती, आणि ती जवळजवळ होती.

ही जवळीक मला सगळ्यात बोलकी वाटते. मंदिराला सात वर्षं लागली, राजाच्या वाड्याला तेरा. त्या वाड्यातला लबानोनवन नावाचा एकटा दिवाणखाना १०० हात लांब होता. मंदिर आणि वाडा शेजारी शेजारी होते. चार शतकांनी यहेज्केल संदेष्ट्याने देवाच्या तोंडून तक्रार मांडली ती याच शेजाराची : यांनी आपला उंबरठा माझ्या उंबरठ्याला लावला, मधे फक्त एक भिंत. मंदिर हे राजाचं देवघरही होतं आणि तिजोरीही. आसाने तिथलं सोनं-रुपं दिमिष्काच्या (दमास्कसच्या) राजाला पाठवलं. आहाजाने दिमिष्कात एक वेदी पाहिली, तिचा नमुना धाडला, आणि उरीया याजकाने राजा परत यायच्या आत तशीच वेदी मंदिरात उभी केली. जुनी पितळी वेदी बाजूला सरकवली. याजकाने एका शब्दानेही हरकत घेतल्याची नोंद नाही.

आणि तरी मुळात ही जागा एका शेतकऱ्याचं खळं होती. यबूसी अरवनाने ती फुकट देऊ केली तेव्हा दावीद म्हणाला, ज्याला मला काही मोल पडलं नाही ते मी देवाला वाहणार नाही. आणि ५० शेकेल रुपं मोजून दिलं. त्याला मंदिर बांधायचं होतं, पण नाथान संदेष्ट्याने निरोप आणला की तू नाही, तुझा मुलगा बांधेल. देव इतकी वर्षं तंबूतच राहिला आहे, मी कधी देवदारूचं घर मागितलं का, असा त्या निरोपाचा सूर. राजांना मंदिराची जितकी घाई होती तितकी देवाला नव्हती, हे ज्यांनी लिहून ठेवलं त्यांच्याविषयी मला फार आदर वाटतो.

उतरून पश्चिम भिंतीपाशी गेलो. दादा पुरुषांच्या बाजूला, मी बायकांच्या. ही भिंत हेरोदाच्या काळची, मंदिराची नव्हे तर प्रांगणाच्या आधाराची. शेजारी एक आजी स्तोत्रं वाचत होत्या, पुस्तकाकडे न बघता.

मंगळवार : संग्रहालय

इस्राएल म्युझियम त्या दिवशी दुपारनंतर उघडणार होतं, म्हणून सकाळ भाजीबाजारात गेली. महाने येहुदाच्या गल्ल्यांतून संत्री, हलवा आणि खजूर घेतले.

संग्रहालयात मला तीनच वस्तू मनाजोगत्या बघायच्या होत्या. पहिली, दानचा काळा बेसॉल्ट शिलालेख. त्याच्याविषयी पुढच्या सोमवारी, दानला. दुसरी, उज्जीया राजाची पाटी. हातभर लांबीरुंदीचा दगड, त्यावर अरामी अक्षरं : यहूदाचा राजा उज्जीया याच्या अस्थी इथे आणल्या, उघडू नये. १९३१मध्ये सुकेनिक यांना ती जैतुनाच्या डोंगरावरच्या रशियन मठाच्या संग्रहात दिसली. पाटी उज्जीयाच्या काळची नाही, त्यानंतर कित्येक शतकांनी, दुसऱ्या मंदिराच्या काळात कधीतरी कोरलेली आहे.

या राजाची गोष्ट म्हणजे राजा आणि वेदी यांच्यात आखलेली रेघच. उज्जीया बलाढ्य झाला, त्याने बुरूज बांधले, विहिरी खणल्या. मग एक दिवस धूप जाळायला स्वतः मंदिरात शिरला. अजऱ्या याजक ८० याजकांसह आडवा आला : राजा, हे तुझं काम नव्हे. राजा हातात धूपपात्र घेऊन संतापला आणि तिथेच त्याच्या कपाळावर कोड उठलं. उरलेलं आयुष्य तो वेगळ्या घरात राहिला, कारभार मुलाने बघितला. पण याच इतिहासात दावीद याजकाचं तागाचं एफोद हे वस्त्र घालून कोशापुढे नाचतो, होमबली अर्पण करतो, लोकांना आशीर्वाद देतो, आणि कुणी त्याला अडवत नाही. शलमोनही मंदिराच्या अर्पणाला स्वतःच प्रार्थना करतो. एका स्तोत्रात तर राजाला मलकीसदेक या जुन्या याजक-राजासारखा सनातन याजक म्हटलेलं आहे. म्हणजे सुरुवातीला राजा हाच मोठा याजक होता, आणि याजकांनी ती जागा हळूहळू त्याच्याकडून काढून घेतली. उज्जीयाची गोष्ट मी त्या झगड्याची याजकांच्या बाजूने लिहिलेली नोंद म्हणून वाचते.

तिसरी वस्तू चांदीची. १९७९मध्ये गाब्रिएल बर्काय यांना हिन्नोम खोऱ्याच्या कडेला एका थडग्यात चांदीच्या पातळ पत्र्याच्या दोन चिमुकल्या गुंडाळ्या मिळाल्या. गळ्यात ताईत म्हणून घातलेल्या. अत्यंत सावकाश उलगडल्यावर आत याजकाचा आशीर्वाद वाचता आला : परमेश्वर तुला आशीर्वाद देवो आणि तुझं रक्षण करो. इ.स.पू. सातवं शतक संपताना किंवा सहावं सुरू होताना कोरलेली ही अक्षरं मृत समुद्राजवळ सापडलेल्या बायबलच्या गुंडाळ्यांहूनही सुमारे ४०० वर्षं जुनी आहेत. मंदिर उभं होतं तेव्हाच याजकाचे शब्द घरी, अंगावर आले होते.

हस्तिदंती डाळिंबही पाहिलं. शलमोनाच्या मंदिरातली एकमेव उरलेली वस्तू म्हणून १९८८मध्ये संग्रहालयाने ते साडेपाच लाख डॉलरला घेतलं, आणि २००४मध्ये तपासणीअंती त्यावरची अक्षरं आधुनिक काळात कोरलेली ठरली. डाळिंब खरं, मंदिराहून जुनं; अक्षरं खोटी. त्या मंदिराची एखादी तरी खूण हाती लागावी ही ओढ किती खोल आहे, ते यावरून कळतं.

बुधवार : लाखीश

यरुशलेमहून नैर्ऋत्येला उतरत गेलं की शफेला हा लहान टेकड्यांचा पट्टा लागतो. गव्हाची शेतं हिरवीगार होती. लाखीश हे यहूदाचं यरुशलेमखालोखालचं शहर. इ.स.पू. ७०१मध्ये अश्शूरचा सन्हेरीब याने ते घेतलं आणि निनवेतल्या राजवाड्याच्या भिंतीवर त्या वेढ्याची चित्रं कोरवली. ती आज लंडनला ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. टेकडीच्या कोपऱ्याला अश्शूरी सैन्याने दगड रचून केलेला उतार अजून दिसतो. हिज्कीयाने शरणागतीचा निरोप पाठवला तो सन्हेरीबाला इथेच, लाखीशला. खंडणी : ३०० किक्कार (तेव्हाचं एक मोठं वजन) रुपं, ३० किक्कार सोनं. ती भरायला त्याने मंदिराच्या दारांवर स्वतःच मढवलेलं सोनं खरवडून काढलं. सन्हेरीबाच्या लेखात रुप्याचा आकडा ८०० आहे, पण सोनं तिथेही ३०च.

मी आले होते ते वेशीसाठी. सहा दालनांची ही प्रचंड वेस २०१६मध्ये सार गनोर यांच्या चमूने पूर्ण उघडी केली. एका दालनात ओटे, त्यांच्यामागे लहानसं देवघर, त्यात दोन वेद्या. त्यांची शिंगं मुद्दाम छाटलेली. आणि त्याच खोलीत, कोपऱ्यात, मधोमध भोक असलेलं दगडी आसन : शौचकूप. तपासणीत असं निघालं की ते कधी वापरलं गेलं नसावं. म्हणजे देवघर बाटवायलाच ते आणून ठेवलं असावं. उत्तर राज्याच्या येहू राजाने शोमरोन या राजधानीतलं बाल या कनानी देवाचं देऊळ पाडून तिथे शौचकूप केल्याची नोंद आहेच. लाखीशला तीच रीत दगडात सापडली, असं उत्खनन करणारे म्हणतात.

दालनात उभी होते तेव्हा मला हिज्कीयाची बाजू घेता येईना. या वेशीत बसून वडीलधारे निवाडे करत, बाजार भरे, आणि येता-जाता कुणीतरी इथे चिमूटभर धूप घालत असेल. राजाच्या एका हुकमाने ते संपलं. दादा म्हणाला, “अगं, सगळी पूजा एका ठिकाणी आणली नसती तर देश एकत्र राहिला असता का?” तो प्रश्नही खराच आहे.

गुरुवार : बैर-शेबा

टेकडीवरच्या गावाचा आराखडा फार देखणा आहे, गोल रस्ता आणि त्याला चिकटून घरं. पण दिवसभर धुळीचा वारा सुटला होता आणि आम्ही फार थांबलो नाही. दारातच शिंगांच्या वेदीची प्रतिकृती आहे. तिचे मूळ दगड १९७३मध्ये योहानान अहारोनी यांना कोठाराच्या भिंतीत सापडले. वेदी मोडून तिचे दगड बांधकामात वापरून टाकले होते. एका दगडावर साप कोरलेला आहे. दगड घडीव आहेत, तासलेले. नियमशास्त्र (मोशेचे नियम) तर बजावून सांगतं की वेदीला लोखंड लावू नका, अनघड दगडच वापरा. म्हणजे एकतर इथल्या लोकांना तो नियम लागू वाटत नव्हता, किंवा वेदी बांधणारा राजा नियमापेक्षा मोठा होता.

शुक्रवार : अराद आणि दिमोना

शब्बाथामुळे, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासूनच्या विसाव्याच्या दिवसामुळे, शुक्रवारी सगळं लवकर बंद होतं, म्हणून अरादला सकाळीच पोचलो. यहूदाच्या राज्याचा हा वाळवंटाच्या कडेचा किल्ला. खालच्या अंगाला त्याहून दोन हजार वर्षं जुनं कनानी शहर पसरलेलं आहे. किल्ल्याच्या कोपऱ्यात मंदिर आहे, आणि ते पाहताना माझ्या अंगावर काटा आला, कारण यरुशलेमला जे फक्त वाचलं होतं त्याचं लहान रूप इथे चालून जाता येतं. आधी अंगण, त्यात माती आणि अनघड दगडांची चौकोनी वेदी, नियमशास्त्रातल्या पाच हातांच्या मापाच्या जवळपास. मग आडवी खोली. मग दोन पायऱ्या आणि कोनाड्यासारखं लहानसं गर्भस्थान, त्यात उभा दगड आणि दोन धूपवेद्या. मूळ वेद्या मंगळवारी संग्रहालयात बघितल्या होत्या. इथे प्रतिकृती आहेत.

त्या धूपवेद्यांवर चिकटून राहिलेली राख तपासली गेली, त्याचा निष्कर्ष २०२०मध्ये आला : मोठीवर ऊद आणि जनावराची चरबी, धाकटीवर शेण आणि गांजा. ऊद अरबस्तानातून उंटांच्या तांड्यांनी यायचा, म्हणजे सीमेवरच्या एका चौकीतल्या देवघरासाठीही हा खर्च होत होता. सरकारी किल्ला, सरकारी मंदिर. किल्ल्यात सापडलेल्या खापरांवर शाईने लिहिलेली हिब्रू पत्रं आहेत, बरीचशी एल्याशीब नावाच्या अधिकाऱ्याला : अमक्याला इतकं पीठ दे, इतका द्राक्षारस दे. त्यांतल्या एकात, कुणी एक माणूस परमेश्वराच्या घरात बसला आहे, असं वाक्य आहे. ते घर यरुशलेमचं मंदिर असावं, कारण अरादचं तोवर बंद झालं होतं.

ते कसं बंद झालं, ते मला लाखीशहून वेगळं वाटलं. उत्खननात धूपवेद्या आडव्या निजवलेल्या आणि वर मातीची भर घातलेली अशा मिळाल्या. शिंगं छाटलेली नाहीत, दगड भिंतीत वापरलेले नाहीत. ज्याने हे केलं त्याला राजाचा हुकूम पाळायचा होता आणि वेदीचा अपमानही करायचा नव्हता. हे हिज्कीयाच्या सुधारणेमुळे झालं की शंभरेक वर्षांनंतरच्या योशीया राजाच्या, की अश्शूरी स्वारीच्या धास्तीने, यावर अभ्यासक भांडतात. अशी देशव्यापी सुधारणा झालीच नसावी असंही काहींचं मत आहे. मला मात्र ते आडवे दगड बघताना एखादा म्हातारा याजक दिसतो, जो रात्री दोघांच्या मदतीने हे काम उरकतोय.

दुपारी दिमोना. अलिबागच्या आमच्या शेजारच्या काकू-काका लग्नानंतर इथे आले. इस्राएलमधलं मराठी बोलणाऱ्यांचं हे जुनं ठिकाण. दारातच काकू म्हणाल्या, “आलीस गं बाय! हात-पाय धू आधी.” सूर्य मावळायच्या आत मेणबत्त्या लागल्या. काळ्या मनुका भिजवून केलेलं सरबत पेल्यात ओतून काकांनी आशीर्वाद म्हटला. मग एकेका नातवंडाच्या डोक्यावर हात ठेवून पुटपुटले, आणि मी शब्द ओळखले : परमेश्वर तुला आशीर्वाद देवो आणि तुझं रक्षण करो. चांदीच्या गुंडाळीतले. त्यानंतर नारळाच्या रसातलं मासळीचं कालवण आणि भात.

शनिवार : दिमोना

दिवसभर गाडीला हात लावला नाही. काका सिनेगॉगला पायी गेले, दादाही सोबत गेला. दुपारी गप्पा निघाल्या त्या शमुवेल संदेष्ट्याच्या. लोक म्हणाले आम्हाला इतर राष्ट्रांसारखा राजा हवा, तेव्हा त्याने राजा काय काय करील त्याची यादीच वाचली : तुमची मुलं रथांपुढे धावायला नेईल, मुली स्वयंपाकाला नेईल, चांगली शेतं घेऊन चाकरांना देईल, धान्याचा दहावा भाग उचलेल. काका म्हणाले, “आणि नियमशास्त्रात राजाला काम काय सांगितलंय ठाऊक आहे ना? घोडे वाढवू नको, बायका वाढवू नको, सोनं वाढवू नको. आणि बसून या नियमाची नक्कल स्वतःसाठी काढ, रोज वाच. बस्स.” ते सांगताना त्यांच्या आवाजात जो अभिमान होता तो मला पूर्ण पटला. राजाला हुकूम देणारं पुस्तक ज्यांनी जपलं, त्यांचे राज्य गेलं तरी पुस्तक गेलं नाही.

तारे दिसल्यावर मलिदा झाला. भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, वेलची, सुकामेवा. ताटाभोवती पाच फळं आणि गुलाबाची फुलं. एलियाहू हनाबीच्या, म्हणजे एलिया संदेष्ट्याच्या, नावाने. कोकणातल्या खंडाळ्याच्या खडकावर त्याच्या रथाची खूण आहे ही श्रद्धा काकूंनी इथल्या नातवंडांनाही सांगितली आहे.

रविवार : कर्मेल

त्याच एलियाच्या डोंगरावर. मुहराका इथे कार्मेलाइट मठ आहे, अंगणात तलवार उगारलेला एलियाचा पुतळा, आणि गच्चीवरून इज्रेलचं सबंध खोरं दिसतं. अहाब राजाने सीदोनाची राजकन्या ईजबेल हिच्याशी लग्न केलं आणि तिच्यासोबत बालाची पूजा दरबारात आली. एलियाने बालाच्या ४५० संदेष्ट्यांना इथे आव्हान दिलं : ज्याचा देव वेदीवर अग्नी पाडेल तो खरा. पण त्याआधी त्याने काय केलं ते मला जास्त लागतं : परमेश्वराची मोडून पडलेली वेदी त्याने बारा दगड घेऊन पुन्हा रचली. यरुशलेमबाहेरची वेदी, डोंगरावरची, राजाने न बांधलेली. आणि ती इथे पूर्ण मान्य आहे. या सगळ्या कथेत अहाब हजर आहे आणि जवळजवळ गप्प आहे. अग्नी पडतो, पाऊस येतो, राजा रथात बसतो, आणि एलिया कंबर कसून रथापुढे इज्रेलपर्यंत धावत जातो. पुढे नाबोथाचा द्राक्षमळा बळकावल्याबद्दल त्याच राजाला तोंडावर जाब विचारणाराही तोच. ज्याने राजापुढे धावायचं त्यानेच राजाला थोपवायचं, ही संदेष्ट्याची जागा दुसऱ्या कुठल्या दरबारात होती?

सोमवार : दान

देशाचं उत्तर टोक. हर्मोन डोंगराचं बर्फ वितळून झऱ्यांनी इथे उसळतं आणि यार्देन (जॉर्डन) नदीला मिळतं. लॉरेलच्या दाट झाडीतून, खळाळत्या पाण्याच्या आवाजात वाट जाते. अवराहाम बिरान यांनी १९६६पासून इथे कित्येक वर्षं उत्खनन केलं.

शलमोनाचा मुलगा रहबाम याने करांचा आणि वेठीचा भार हलका करायला नकार दिला, आणि इ.स.पू. ९३०च्या सुमारास उत्तरेकडच्या दहा वंशांनी यराबामाला राजा केलं. यराबामाची चिंता ग्रंथात सरळ सांगितली आहे : माझे लोक बली द्यायला यरुशलेमला जात राहिले तर त्यांचं मन पुन्हा दावीदाच्या घराण्याकडे वळेल आणि ते मला मारतील. म्हणून त्याने सोन्याची दोन वासरं केली, एक बेथेलला, एक दानला. लेवी या याजकी वंशातले नसलेले याजक नेमले आणि आठव्या महिन्याच्या पंधराव्या दिवशी नवा सण ठरवला. राजाला वेदी का लागते, याचं इतकं उघड उत्तर मी दुसरीकडे वाचलेलं नाही. पण त्याला नुसता लबाड ठरवणंही मला पटत नाही. यरुशलेम दूर होतं, दान आणि बेथेल ही दोन्ही जुनी पूजास्थानं होती, आणि वासरू कदाचित करूबांसारखंच अदृश्य देवाचं आसन असेल. निकाल लिहिणारे यरुशलेमचे होते.

ते पूजास्थान मोठं आहे. घडीव दगडांचा सुमारे १८ मीटरचा चौथरा, पुढे रुंद पायऱ्या, आणि अंगणात वेदीच्या जागी लोखंडी सांगाडा उभा केलेला, मूळ वेदी केवढी होती ते कळावं म्हणून. सांगाड्यापाशी माणूस खुजा दिसतो. वेशीपाशी गेलो तर तिथेही तीच जोडी : एका बाजूला पाच उभे दगड, पूजेचे, आणि जवळच छोटा ओटा, त्याच्या कोपऱ्यांवर भोपळ्यासारखी नक्षी असलेली खांबांची बैठक. राजाचं छत्राखालचं आसन इथे ठेवत असावेत.

याच वेशीबाहेरच्या चौकात, भिंतीत बसवलेला, १९९३च्या जुलैमध्ये तो काळा दगड मिळाला; आणखी दोन तुकडे १९९४मध्ये. अरामी राजाचा, बहुधा हजाएलाचा, इ.स.पू. नवव्या शतकातला विजयलेख. त्यात ‘दावीदाचं घराणं’ ही अक्षरं आहेत. बायबलबाहेर दावीदाचं नाव असं स्पष्टपणे पहिल्यांदाच हाती आलं, तेही शत्रूच्या बढाईत. मग कुणीतरी, बहुधा इस्राएलच्याच राजाने शहर परत घेतल्यावर, तो फोडून बांधकामात घातला.

अश्शूरने हे उत्तर राज्य इ.स.पू. ७२२च्या सुमारास संपवलं, बाबेलने (बॅबिलोनने) यहूदाचं राज्य ५८६मध्ये. दानच्या पूजास्थानी १९७६मध्ये एक लेख सापडला तो त्यानंतर कित्येक शतकांचा, ग्रीक राजवटीतला, ग्रीक आणि अरामी भाषांत : झोइलोसने दानमधल्या देवाला नवस केला. देवाचं नाव दिलेलं नाही. दादाचं म्हणणं, नाव नाही म्हणजे हा कुठलातरी नवा, ग्रीक धाटणीचा देव. माझं म्हणणं, नाव सांगायची गरज गावात कुणालाच नसणार. यराबामाच्या आधीपासून ज्याच्यासाठी लोक या झऱ्यावर येत होते तोच. किर्यात श्मोनाला जेवायला थांबलो तरी आमचा वाद चालूच होता.